फ्रांकोव्का आणि तांबडा रस्सा

माझं नाक तिखट आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण माझा धंदाच त्याच्यावर चालतो. कोल्हापुरात आमचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटासा कारखाना आहे. मिरची किती भाजली, खोबरं खवट आहे का, हे मी दारातूनच सांगते आणि आतल्या बायका एकमेकींना म्हणतात, आल्या बघा नाक घेऊन. तर हे नाक घेऊन मी गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडला गेले, आणि तिथे एका भल्या माणसाचं सगळं भवितव्य या नाकावर येऊन ठेपलं. राजवाडा, संग्रहालय, मोठं घड्याळ यातलं मी काही पाहिलं नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. मी सांगणार आहे ते एका लाल वाइनबद्दल.

आता काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. तोवर मी आयुष्यात एकदाच वाइन प्यायले होते, तीही एका लग्नात, कोकम सरबत समजून.

नॉटिंगहॅम, शुक्रवार

माझी धाकटी बहीण शैला तीस-एक वर्षं नॉटिंगहॅमला आहे. तिचे यजमान विनायकराव तिथल्या सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. घर टुमदार, मागे बाग, बागेत सफरचंदाचं झाड. सफरचंदं गवतात पडून सडत होती आणि घरातलं कुणी वाकून उचलत नव्हतं. मला ते बघवेना. पहिल्याच दिवशी पदर खोचला, पाटीभर गोळा केली आणि मुरांबा घातला. शैला म्हणाली, "ताई, जेट लॅग असतो माणसाला." म्हटलं, असेल, पण सफरचंदांना नसतो.

तिथली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. बसमधून उतरताना जो तो ड्रायव्हरला थँक यू म्हणतो. म्हातारी म्हणते, कानात वायरी घातलेली पोरंही म्हणतात. मी दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले, आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणत असणार, कारण ड्रायव्हर दचकला.

शनिवारी घरी पाहुणे यायचे होते. शैलाची मुलगी मनू मँचेस्टरला फिजिओथेरपिस्ट आहे आणि मरेक नावाच्या स्लोव्हाक मुलाशी तिचं लग्न ठरलंय. मुलगा आयटीत, उंच, लाजरा, जेवणाला नाही न म्हणणारा. म्हणजे आमच्याकडून पास. आता त्याचे वडील पहिल्यांदाच व्याह्यांना भेटायला येत होते. आईचा गुडघा दुखतो म्हणून ती आली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मनूचा फोन आला, तो आईला नाही, मला.

"मावशी, एक फेवर हवाय. मरेकचा बाबा वाइन बनवतो ना, त्याचा स्वतःचा विनयार्ड आहे. पण कोविडनंतर त्याचा स्मेल गेला. कम्प्लीटली. परत आलाच नाही."

"अरे देवा," मी म्हटलं. माझं नाक गेलं तर मी काय करीन, हाच विचार पहिला आला.

"तरी त्याने वाइन केला. ओकच्या बॅरलमध्ये ठेवला, दोन विंटर. आता तो कसा झालाय त्याला कळतच नाही. घरचे सगळे म्हणतात लव्हली, लव्हली. त्याला वाटतं ते कीव करतायत. मरेकचा एक अंकल आहे, बाबाचा कझिन, तो सगळा विनयार्ड घ्यायला रेडी आहे. या वर्षीचा नवीन रस पण टँकमध्ये तसाच पडलाय, मंडेला त्याला फोन करून सांगायचंय, बॅरल भरणार की सगळं देऊन टाकणार."

"मग यात मी काय करू?"

"तू टेस्ट कर. मी त्याला प्रॉमिस केलंय. म्हटलं, माझा मावशीचा नाक फेमस आहे आणि ती कधीच काइंड नसते."

ही माझी स्तुती होती असं मनू नंतर शपथेवर म्हणाली.

शनिवार

पाहुण्याला फिकं वाढणं म्हणजे आमच्याकडे त्याला दारातून परत पाठवण्यासारखंच. मी सकाळपासून कामाला लागले. बॅगेतून आणलेला घरचा मसाला, मटण, तीळ, खसखस, सगळं जमवून तांबडा रस्सा केला, वर बोटभर लाल तर्री. शैला मागे-मागे करत होती, "ताई, ते लोक बटाटे आणि कोबी खाणारे. जरा कमी घाल." मी म्हटलं, व्याही एकदाच पहिल्यांदा येतात.

मरेकचे वडील योझेफ. मी लगेच त्यांना योझेफराव म्हणायला लागले आणि त्यांना ते आवडलं असावं, कारण दर वेळी ते छातीवर हात ठेवून मान झुकवायचे. सडपातळ माणूस, पांढऱ्या मिश्या, तळहातांच्या रेषांत द्राक्षांचा काळसर रंग मुरलेला. इंग्रजी त्यांचं आणि माझं साधारण सारखंच, म्हणजे कामापुरतं. बाकीचं मरेक आणि मनू सांभाळत होते. त्यांनी पिशवीतून लोकरीचे जाड मोजे काढले आणि त्या मोज्यांतून दोन बाटल्या. एक आज प्यायला, दुसरी लग्नासाठी.

द्राक्षाचं नाव फ्रांकोव्का. त्यांच्या डोंगरउतारावर होणारी काळी जात. योझेफराव हातवारे करून सांगत होते आणि मरेक भाषांतर करत होता. ताजी असताना ही वाइन आंबट, रागीट असते. ओकच्या पिंपात ठेवली की लाकडातून थोडा थोडा श्वास घेते, लाकडाचा वास उचलते, शांत होते. पण पिंपातून केव्हा काढायची ते कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. एवढं बोलून योझेफराव थांबले आणि त्यांनी स्वतःच्या नाकावर टिचकी मारली, जसं बंद पडलेल्या घड्याळावर मारतात.

पानं वाढली. रस्सा तोंडात गेल्यावर योझेफरावांचे कान लाल झाले, पण गडी मागे हटला नाही. भाकरी मोडून, डोळे पुसत, वाटी संपवली. मला माणूस तिथेच पटला. मग त्यांनी ग्लास भरले. त्यांच्याकडे ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, नाहीतर ते अपमान समजतात. "ना झ्द्राव्ये," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी घोट घेतला. आई गं! कडुनिंबाची काडी चावल्यासारखं झालं. रश्श्यानं पेटलेली जीभ आणखी पेटली, आणि वर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा, घसाच धरला. वास कसला येतोय! नाकातून पाणी वाहत होतं.

टेबलाभोवती सगळे म्हणाले, व्हेरी नाइस. शैला म्हणाली, विनायकराव म्हणाले, मनूसुद्धा म्हणाली. योझेफरावांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते माझ्याकडेच बघत होते. माझ्या अंगात खोटं बोलायचा गुणच नाही. आणि माणसानं एवढ्या लांबून येऊन खरं विचारलं असताना गोड बोलून त्याला फसवायचं?

"कडू आहे," मी म्हटलं. "घसा धरते."

मरेक वाडग्यात बघायला लागला. शेवटी मनूनं इंग्रजीत हळूच सांगितलं. योझेफरावांनी मान हलवली, "ज्याकुयेम" म्हणाले, म्हणजे धन्यवाद, आणि बाटलीचं बूच परत लावलं. त्यानंतर ते छान बोलले, बागेतलं झाड बघितलं, मुरांबा खाल्ला. संध्याकाळी तिघं मँचेस्टरला निघाली. त्यांना निरोप देऊन मी स्वयंपाकघरात आले तर लग्नाची दुसरी बाटली शेगडीशेजारी तेलाच्या बाटलीला लागून उभी होती. योझेफराव जाताना शैलाला सांगून गेले होते, "फॉर कुकिंग."

"ताई, तुला जरा गोड बोलता येत नाही का गं?" शैला म्हणाली.

"मग मला विचारायचं कशाला?" मी फणकारले. पण ती तेलाशेजारची बाटली मला रात्रभर दिसत राहिली.

रविवार

रविवारी दुपारी इंग्लंडात घराघरांत ओव्हनमध्ये रोस्ट असतं. शैलाकडे आता तीच पद्धत. मेंढ्याची मांडी, मीठ, मिरी, लसूण, रोझमेरीची काडी, संपलं. मी त्याला मनातल्या मनात आजाऱ्याचं जेवण म्हणते. पण त्या दिवशी बाहेर पाऊस, थंडी, खिडक्यांवर धुकं, आणि ते मांस सुरीनं कापताना त्याची पाघळलेली चरबी खालच्या बटाट्यांवर ओघळत होती. मी दुसऱ्यांदा घेतलं हे कबूल करते.

विनायकराव काटकसरी. कालची उरलेली वाइन फेकवेना म्हणून त्यांनी स्वतःला ओतून घेतली. घोट घेतला, थांबले, आणखी एक घेतला.

"अहो ताई, ही कडू कुठे आहे?"

"बहिणीनं शिकवून ठेवलंय का तुम्हाला?"

"नाही हो. घेऊन तर बघा."

मी तोंडातला घास गिळला आणि घोट घेतला. आणि काय सांगू, दुसरीच बाई समोर उभी! जिभेवर मऊ, मेंढ्याच्या चरबीतून सरळ वाट काढत जाणारी. तुरटपणा होता, पण तोंड स्वच्छ करण्यापुरता, जेवणानंतरच्या सुपारीसारखा. मी ग्लासात नाक घातलं. पिकलेलं जांभूळ. त्याच्यामागे लवंग आणि काळी मिरी. त्याच्याही खाली लाकूड, आणि जरासा धूर.

मी तशीच उठले, फ्रिजमधला कालचा रस्सा काढला, चमचाभर तोंडात टाकला आणि वर घोट. कडू जहर! परत मांसाचा तुकडा, पाणी, थोडं थांबले, परत घोट. मऊ.

"अगं बाई," मी म्हटलं, "हे तर माझ्याच मसाल्याचं काम!"

विनायकराव हसायला लागले. तिखटानं जीभ सोलवटलेली असते, म्हणाले, तिच्यावर हा तुरटपणा दुप्पट लागतो. या वाइनला तिखट चालत नाही, चरबी चालते. मी म्हटलं, हे काल सांगायला काय झालं होतं? तर म्हणाले, "काल माझीही जीभ कुठे जागेवर होती?" इंग्लंडात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचीही माझ्या रश्श्यापुढे ही गत.

मला आनंद व्हायला हवा होता, पण घाबरायलाच झालं. जो माणूस घरच्यांवर विश्वास ठेवत नव्हता त्यानं माझ्यावर ठेवला, आणि मी त्याच्या दोन हिवाळ्यांवर तर्री ओतली. लगेच मनूला फोन लावला. तिनं योझेफरावांना सांगितलं आणि थोड्या वेळानं परत फोन केला. आवाज रडवेला.

"मावशी, तो फक्त हसला. म्हणतो, आता तुमची मावशी पण काइंड झाली."

मँचेस्टर, सोमवार

सकाळी शैलाच्या आधी मी तयार. शेगडीशेजारची बाटली शालीत गुंडाळली आणि तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन आम्ही दोघी गाडीत बसलो. गाडी मध्येच एका स्टेशनावर बराच वेळ उभी राहिली. डब्यात कुणी ब्र काढला नाही. सगळे आपापल्या खिडकीतून डोंगर बघत बसले. डोंगर खरंच देखणे, गवताळ, मऊ, दगडी कुंपणांनी वाटून घेतलेले, आणि मेंढ्या इतक्या गुटगुटीत की कालच्या जेवणाची आठवण झाली. पण मला तेव्हा कसला डोंगर! संध्याकाळी योझेफराव चुलतभावाला फोन करणार होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. "बोला की कुणीतरी ड्रायव्हरला," मी म्हटलं. शैलानं माझा हात दाबला.

मँचेस्टरला पिवळ्या ट्रामनं मनूच्या फ्लॅटवर पोचलो. दारातच तुपाळ वास आला. मरेकनं ओव्हनमध्ये अख्खं बदक ठेवलं होतं. त्यांच्या गावाकडे या दिवसांत गूज, म्हणजे हंसासारखा मोठा पक्षी, भाजतात आणि त्याच्याबरोबर लोक्शे करतात, पण इथे बदकावर भागवत होते. लोक्शे म्हणजे उकडलेला बटाटा आणि मैदा मळून केलेली पातळ पोळी, कोरड्या तव्यावर भाजायची आणि बदकाच्या चरबीचा हात फिरवायचा. योझेफराव ओट्याशी उभे राहून तेच करत होते. मला बघून छातीवर हात ठेवला, मान झुकवली, पण डोळ्यांत परवाचा मोकळेपणा नव्हता.

पोळ्या म्हटल्यावर मला राहवतंय होय? मी बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं. मी लाटत होते, ते भाजत होते. त्यांनी माझी एक पोळी उचलून उजेडात धरली आणि मरेकला काहीतरी म्हणाले. मरेक हसत म्हणाला, "मावशी, बाबा म्हणतात, आई त्यांची पोळी परत मळायला लावते. तुमची लावणार नाही."

तेवढ्यात मला करपल्याचा वास आला. योझेफराव तव्यापुढेच उभे, हातात कालथा, आणि खालून पोळी जळत होती. "योझेफराव, तवा!" मी ओरडले. ते माझ्याकडे बघून हसले. धूर डोळ्यांत जाईपर्यंत त्यांना कळलंच नाही. मग छताला लावलेला धुराचा भोंगा वाजायला लागला, मनू खुर्चीवर चढून टॉवेल हलवायला लागली, शैला खिडक्या उघडत सुटली, आणि योझेफराव त्या काळ्या पोळीकडे बघत उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मला भडभडून आलं. मी त्यांच्या हातातून कालथा काढून घेतला आणि म्हटलं, बसा.

टेबलावर त्यांच्यासमोर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत माझी लसणाची चटणी, दुसरीत लोक्शात गुंडाळलेलं बदक, कुरकुरीत कातड्यासकट. शालीतून बाटली काढून मरेककडे दिली. योझेफरावांनी ती ओळखली.

"मनू, सांग त्यांना. मी चांगलं म्हणणार नाही, वाईट म्हणणार नाही. वास गेला असेल, जीभ तर आहे ना? आधी चटणी खा, मग घोट घ्या."

त्यांनी घेतला. तोंड असं वाकडं झालं की शैलाला हसू आवरेना. "आता पाणी प्या. बदक खा. नीट चावा. आता घोट घ्या."

ते सावकाश चावत होते. घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून ठेवला. गिळला. परत बदक, परत घोट. मग मरेककडे वळून एकच शब्द म्हणाले. मरेक म्हणाला, "मऊ. मऊ म्हणतायत."

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला आणि नाकावर बोट ठेवलं. वास? मी नाक घातलं. जांभूळ म्हटलं. मनूला जांभूळ सांगता येईना, तिनं काळी चेरी सांगितलं. लवंग, मिरी. योझेफराव सभ्यपणे मान हलवत होते. मला कळलं, हे सगळं त्यांनी घरी ऐकलंय. त्या द्राक्षाचा वास असाच असतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे ऐकून त्यांचा विश्वास कसा बसणार?

मी परत वास घेतला. या वेळी मसाल्याच्या कढईशी उभी असते तशी.

"आणि एक जळकट वास आहे," मी म्हटलं. "धूर चांगला आहे, पण हा जरा जास्त झालाय. कुठलंतरी लाकूड जास्त पोळलंय."

"मावशी, हे नको ना सांगू, प्लीज," मनू कुजबुजली.

"सांग. जसंच्या तसं सांग."

मनूनं सांगितलं. मरेकनं ते वडिलांच्या भाषेत सांगितलं. योझेफराव माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी टेबलावर असा तळहात आपटला की काटे उडाले.

"तिसरं पिंप!" मरेक भाषांतर करताना अडखळत होता. "बाबा म्हणतात, तीन पिंपं होती. नवीन पिंप आतून आगीवर शेकून घेतात, आणि तिसरं जास्त शेकलं गेलं होतं. त्यांना दिसलं होतं, पण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. मला तर आत्ता कळतंय."

योझेफराव उठले आणि टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आले. मी उभी राहिले. त्यांनी माझे दोन्ही हात, पिठाचेच, आपल्या हातांत घेतले आणि त्यांच्या भाषेत भराभरा बोलत सुटले. मरेकनं भाषांतर केलं नाही, कुणी त्याला सांगितलंही नाही. ते रडत होते आणि मीही रडत होते. उगाच कशाला लपवू?

मग आम्ही जेवलो. बदक, लोक्शे, आंबटगोड लाल कोबी आणि ती वाइन. मी सबंध ग्लास संपवला, कोल्हापुरात कळलं तर कळू दे. उरलेली चटणी मात्र शैलानं माझ्यापासून लांब ठेवली होती.

संध्याकाळी योझेफरावांनी खिडकीपाशी उभं राहून चुलतभावाला फोन लावला. खाली ट्रामचे दिवे सरकत होते. ते शांतपणे, लांबलचक बोलले. मला त्यातला एकच शब्द कळला, "निये", म्हणजे नाही. तो त्यांनी तीनदा म्हटला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. मरेकनं मनूचा खांदा घट्ट धरला.

फोन ठेवून ते माझ्याकडे आले. आता इंग्रजी त्यांनी स्वतःच जुळवलं. नवीन रस पिंपांत भरतो, म्हणाले, तिसरं पिंप सोडून. लग्नाच्या आधी आमच्याकडे या. तळघरात या.

"मी येऊन काय करू?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या नाकावर टिचकी मारली, मग माझ्या नाकाकडे बोट केलं.

"ब्रिंग," ते म्हणाले.